नाव न घेता

ड्रमकीन
१४ ऑक्टोबर १९०१

लॅरीस,

आशीर्वाद आहेतच. एकदा दिलेले परत मागता येत नाहीत, नाहीतर आज मागितले असते.

काल गुरांच्या बाजारात तुझं भाषण ऐकलं. तुला मी दिसले नसेन. अंडी विकून झाली होती आणि ड्युरकन लोहाराच्या भट्टीला टेकून उभी होते. तू छान बोलतोस. हे आधीच लिहून टाकते, कारण पुढे लिहायची इच्छा राहणार नाही. पाचशे माणसं हूं की चूं न करता ऐकत होती, आणि मी मनात म्हणत होते, हा माझा भाऊ, आई गेल्यावर याला मी वाढवला.

मग तू म्हणालास, "मी नाव घेत नाही. सरकारचे कान लांब आहेत. पण या गावात असा एक माणूस आहे, की विधवेला बेलिफांनी घराबाहेर काढलं आणि याने तिची जमीन घशात घातली. त्याच्या दारात ॲशची दोन झाडं आहेत. तो तुम्हाला ठाऊक आहे. त्याचं काय करायचं तेही तुम्हाला ठाऊक आहे."

लोकांच्या माना टाळ्या वाजवता वाजवता माझ्याकडे वळल्या. ड्युरकन तर माझ्यापासून चार पावलं लांब सरकला, स्वतःच्याच भट्टीच्या दारात.

आता मला सांग, मार्चमध्ये डेलिया फीनी आमच्या चुलीपाशी बसून रडत होती, तेव्हा बाकावर कोण होतं? तू होतास. बटाट्याची पोळी तिसऱ्यांदा वाढून घेत होतास. ती म्हणाली, "ओवेन, जमीनदाराचा कारभारी माझं शेत त्या स्कॉच मेंढीवाल्याला देणार आहे. एकदा त्याच्या हातात गेलं की गेलंच. त्यापेक्षा तू घे. माझा फेस्टस मोठा झाला की त्याला परत दे." माझा नवरा नेहमीप्रमाणे चिलीम भरत बसला होता. आणि तू तोंडात घास असताना म्हणालास, "घे रे ओवेन, याहून चांगलं काय होणार?"

डेलिया इथे असती तर तिने भर बाजारात तुझं तोंड बंद केलं असतं. पण ती ग्लासगोला भावाकडे गेली. तिचं तिकीट तुझ्या शेतकऱ्यांच्या लीगने काढलं. कुणाच्या सांगण्यावरून काढलं ते मी विचारत नाही.

उमेदवार ठरवायची बैठक जवळ आली आहे, लीगला आमच्या गावात एखादा जमीनबळकाव्या दाखवायला हवा आहे, हे सगळं मला कळतं. मी शेण काढत असले तरी वर्तमानपत्र वाचते. तर एवढंच कर. रविवारी मिस्सा सुटली की चर्चच्या पायरीवर उभा राहा आणि म्हण, "मी ओवेन गिलगनबद्दल बोललो नव्हतो." सहा शब्दसुद्धा होत नाहीत. तू तर दोन दोन तास बोलतोस.

ओवेनला हे पत्र माहीत नाही. डिम्नाला दात येत आहेत, ती रडते आहे, म्हणून इथे थांबते.

सबीना


ड्रमकीन
३ मार्च १९०२

लॅरीस,

मिस्टर टॅन्सी, एम. पी. म्हणायचं का आता? म्हणते. वर्षानुवर्षं तुझं नाक पुसलं आहे, तेवढा हक्क मला आहे.

निकालाच्या संध्याकाळी टेकडीवर डांबराची पिंपं पेटली. पोरांनी तुझ्या गाडीचा घोडा सोडला आणि स्वतःच जू खांद्यावर घेऊन तुला गावभर ओढलं. पुढे बँड होता. आमच्या फाटकासमोर बँड थांबला आणि पलटणीतून चोराला हाकलताना वाजवतात ती चाल त्यांनी वाजवली. तीनदा वाजवली. तू गाडीत उभा होतास आणि टोपी हलवत दुसऱ्या बाजूला बघत होतास. त्या बाजूला नुसतं कुंपण आहे, लॅरी.

ओवेन चुलीपाशी चिलीम भरत होता. म्हणाला, "सूर बरे लागलेत. ढोलवाला मात्र घाईत आहे."

मी खिडकीशी होते. खरं सांगते, तुला पाहून मला आनंद झाला. एवढा झाला की पडदा घट्ट धरून उभी राहिले. मग चाल कुठली आहे ते लक्षात आलं.

तुला आमची हकिगत हवी असेल असं नाही, तरी देते. ड्युरकन आमच्या घोड्याला नाल मारत नाही. मळणीला कुणी आलं नाही, आम्ही दोघांनी मिळून काठ्यांनी झोडपलं. लोणी विकायला मला डोंगरापलीकडे जावं लागतं, तिथे मला कुणी ओळखत नाही. चर्चमध्ये आम्ही बसलो की बाकावरचे सगळे उठून मागे जातात. ओवेन म्हणतो, "बरंच झालं, पाय पसरून बसता येतं." घरी आल्यावर तो बराच वेळ गोठ्यात असतो. गाईंना एवढा वेळ लागत नाही.

तू पायरीवर उभा राहिला नाहीस. निवडणुकीनंतर राहशील अशी मी स्वतःची समजूत घातली होती. आता निवडणूक झाली.

सबीना


ड्रमकीन
१९ जून १९०८

लॅरीस,

डेलिया फीनी परत आली! फेस्टस आता एकोणीस वर्षांचा, माझ्यापेक्षा हातभर उंच आहे. नव्या कायद्याने बेदखल झालेल्यांना जागा मिळते आहे, आणि त्या कायद्यावर तू चांगलं बोललास. मी ते ओवेनला वाचून दाखवलं. "दगड उचलून शेत केलं त्याचं शेत" हे वाक्य मात्र आपल्या बाबांचं आहे. चोरलंस ते चोरलंस, निदान नीट तरी म्हणायचंस.

ओवेनने शेत देऊन टाकलं. डेलिया वकिलाकडे आली, सही झाली, लीगची माणसं तिला लगेच घेऊन गेली. कुंपण ओवेननेच दुरुस्त करून ठेवलं होतं. मला वाटलं, संपलं. ज्या कारणासाठी आम्हाला वाळीत टाकलं ते कारणच राहिलं नाही. रविवारी मी नवी टोपी घालून चर्चमध्ये गेले.

बाक रिकामा झाला.

मी सरळ फादर कीव्हनींकडे गेले. ते म्हणाले, "सबीना, मी यात काय करू? हे टॅन्सीने सुरू केलं, त्याने संपवावं." ड्युरकनकडे गेले. तो म्हणाला, "तुझ्या भावाचा शब्द आला की मी आज नाल मारतो. शब्द आल्याशिवाय मी मारला तर उद्या माझ्या भट्टीत कुणी येणार नाही." लीगच्या शाखेत तुझा एजंट कर्व्हिन होता. तो म्हणाला, "साहेब लिहितील ते आम्हाला मान्य." फेस्टसला त्यांनी बजावलं आहे, की लीगमुळे जमीन मिळाली आहे, गिलगनच्या उंबऱ्यावर पाय ठेवायचा नाही. रस्ता मोकळा असला की तो बिचारा कुंपणाआडून मान हलवतो. सगळा गाव तुझ्या तोंडाकडे बघत बसला आहे.

मग मी तुला चिठ्ठी पाठवली, आणि तुझं उत्तर आलं. पार्लमेंटच्या जाड कागदावर. "प्रिय सबीना, ज्या माणसाचं नाव मी कधी घेतलंच नाही, त्याच्यावरचा बहिष्कार मी मागे कसा घेऊ? तसं करणं म्हणजे तो मीच घातला असं कबूल करणं. विरोधी पक्ष त्याचा फायदा घेईल."

मी ते चारदा वाचलं. वाचताना उठून दारापर्यंत गेले, परत आले, पुन्हा वाचलं. यात चूक काढता येत नाही. तू फार हुशार झाला आहेस, लॅरी. तुझा पक्ष एकगठ्ठा बसतो, एकगठ्ठा मत देतो, तशी शपथच घेता तुम्ही. एकट्याने काही करायची सवय गेली असेल तुझी. पण मी पक्षाला लिहीत नाही, तुला लिहिते आहे.

डिम्ना सात वर्षांची झाली. शाळेत तिच्याशी कुणी खेळत नाही. ती शेळीला धर्माची प्रश्नोत्तरं शिकवते. शेळीला बिशपपेक्षा बरी येतात असं ओवेनचं म्हणणं.

सबीना


ड्रमकीन
२ नोव्हेंबर १९१४

लॅरीस,

होमरूल मंजूर झालं, राजाने सही केली आणि युद्ध संपेपर्यंत फडताळात ठेवून दिलं. आमच्याकडे चांगली बशी अशीच ठेवतात. पाहुणा यायच्या आधी तडकते.

गेल्या रविवारी तू आलास आणि बँडची पोरं पलटणीत गेली. मी कुंपणाशी उभी राहून सगळं ऐकलं. या वेळी तू नावं घेतलीस. "मायकल ड्युरकन, पुढे ये! टिमी कर्व्हिन, तुझ्या थोरल्या भावाने माझी गाडी ओढली होती!" एकेकाला नावाने हाक मारलीस, आणि पोरं लाजत लाजत पुढे आली. तुला नाव घेता येतं, हे त्या दिवशी मला समजलं.

मला झोप येत नाही. दिवसाही एका जागी बसवत नाही. ताक घुसळायला घेते आणि अर्ध्यात सोडून अंगणात येते. काय होतंय ते सांगते. ओवेनची छाती बिघडली आहे. डॉक्टर म्हणतात, हिवाळे काढेल, पण मोजकेच. मरायला तो भीत नाही. परवा जळणाच्या ढेपा रचता रचता सहज म्हणाला, "सबीना, मला खांदा कोण देणार?"

मी म्हटलं, "गप्प बसा."

तो म्हणाला, "गाडीवर टाकून नेऊ नका. गाडीवर मला लाज वाटेल."

एवढ्या वर्षांत या माणसाने पहिल्यांदा काही मागितलं. तुला माहीत आहे, इथे घरापासून चर्चच्या आवारापर्यंत खांद्यावरच नेतात. ज्याला कुणी नाही त्याला गाडी. गिलगन नावाचा दुसरा पुरुष या गावात उरलेला नाही. तू एका कोपऱ्याला आलास तर उरलेले तीन कोपरे आपोआप भरतील, ड्युरकन पहिला धावेल. भाषण नको, कबुली नको, काही नको. नुसता ये आणि खांदा दे. मेहुण्याला खांदा दिला म्हणून कुठला विरोधी पक्ष काय बोलणार?

वेळ आली की कळवीन. तू येशील असं मी त्याला सांगून टाकलं आहे. मला खोटं पाडू नकोस.

सबीना


ड्रमकीन
२० ऑगस्ट १९१७

लॅरीस,

काल तुझ्या सभेत दगड आले असं ऐकलं. लागलं नाही ना?

गेल्या वर्षी बंड करणाऱ्या डब्लिनच्या पोरांना सरकारने भिंतीशी उभं करून मारलं, तेव्हापासून लोक वेडे झाले आहेत. तू त्यांच्यासाठी पार्लमेंटात ओरडलास, ते मी वाचलं. इथे कुणी वाचलं नाही. ड्युरकनचा मायकल फ्लांडर्समध्ये मारला गेला, आणि भट्टीच्या दारावरचं तुझं चित्र ड्युरकनने घणाने खिळ्यासकट काढलं. बँडमध्ये आता फक्त ढोल उरला आहे.

पण लिहायचं ते हे नव्हे. काल संध्याकाळी तुझी गाडी आमच्या फाटकापाशी थांबली. तू खाली उतरलास, घोड्याचा लगाम नीट केल्यासारखं केलंस. लगामाला काही झालं नव्हतं. मी किटली ठेवली. ओवेन उठून बसला, शर्टाचं वरचं बटण लावलं. मग गाडी निघून गेल्याचा आवाज आला.

मी चहा ओतला. दोघांनी प्याला. ओवेन म्हणाला, "घाईत असेल."

मला तुझा एवढा राग कधीच आला नव्हता. दगड मारणाऱ्यांत मी असते तर माझा नेम चुकला नसता.

सबीना


ड्रमकीन
८ डिसेंबर १९१८

लॅरी,

ओवेन आज पहाटे गेला. तापाची साथ इथेही आली आहे; त्याच्या छातीला तेवढं पुरलं. शेवटी शुद्धीवर होता. "लॅरीला कळवलंस?" असं विचारलं.

बुधवारी अकरा वाजता नेणार. तू प्रचारासाठी जिल्ह्यातच आहेस, घोडागाडीने तीन तासांवर. ये.

सबीना


ड्रमकीन
३० डिसेंबर १९१८

लॅरीस,

तुझं पत्र आज आलं. निकाल त्याच्या आधीच गावात पोचला होता. नव्या पक्षाच्या त्या शाळामास्तराने तुला पार झोपवलं. पोरं पुन्हा टेकडीवर पिंपं पेटवत होती. मी गोठ्यात होते, धूर तिथपर्यंत आला.

त्या बुधवारचं तुला कुणी सांगितलं असेल नसेल. माझ्याकडून ऐक.

मंगळवारी तुझा कर्व्हिन आला. टोपी काढली, ओवेनच्या पायाशी गुडघे टेकले, सगळं रीतसर. मग मला अंगणात घेऊन गेला. म्हणाला, "बाई, शनिवारी मतदान आहे. साहेबांचं म्हणणं, प्रेतयात्रा रविवारी ठेवली तर ते स्वतः येतील. खांदासुद्धा देतील. थंडी भरपूर आहे, तसं काही होणार नाही."

मी म्हटलं, "तसं म्हणजे कसं?"

तो म्हणाला, "म्हणजे... टिकेल."

मला हसू आलं, लॅरी. नवरा आत निजलेला आणि मी अंगणात हसते आहे. कर्व्हिन घाबरला. मी म्हटलं, "तुमच्या साहेबांना सांगा, ओवेन गिलगनने त्यांच्यासाठी सतरा वर्षं वाट पाहिली. आता त्याला दुसरीकडे जायचं आहे."

बुधवारी कुणी आलं नाही. या वेळी लोकांकडे सबबही चांगली होती, साथ आहे. फादर आले आणि मोकळ्या रस्त्याकडे बघत राहिले. साडेअकराला मी डिम्नाला म्हटलं, घोडा जुंप. ती रडत रडत जुंपायला गेली. मी ओवेनची माफी मागितली. गाडीवर नेणार होते ना त्याला.

तेवढ्यात फीनींच्या शेताकडून डेलिया कुंपण ओलांडून आली. साठ वर्षांची बाई, स्कर्ट वर खोचलेला. मागून फेस्टस. डेलिया म्हणाली, "घोडा सोड पोरी. माणसं आहेत."

फेस्टस म्हणाला, "आई, लोक बघतील."

"बघू देत की मेल्यांना! माझ्या नावावर याला सतरा वर्षं वाळीत टाकलं, आणि मला कुणी एकदा तरी विचारलं? भित्र्या, घे तो कोपरा. तुझ्या बापाने घेतला असता."

तर चार झाले. फेस्टस, डेलिया, डिम्ना आणि मी. बायकांनी खांदा दिलेला या गावात कुणी पाहिलेला नाही. फादरांनी तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि मिटलं. ओवेन हलका झाला होता, पण पेटी ओकची, आणि फेस्टस उंच म्हणून सगळा भार आमच्यावर तिरका येत होता. बाजाराच्या रस्त्याला लागेपर्यंत माझा खांदा सोलला. खिडक्यांतून तोंडं दिसत होती. मी कुणाकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर शिव्या दिल्या असत्या.

भट्टीपाशी मागून कुणीतरी माझ्या खांद्यावर दोन बोटं टेकवली. पुरुष एकमेकांना सोडवतात ना, तशी. माझ्या काही ध्यानात आलं नाही, मी चालत राहिले. पुन्हा बोटं टेकली. ड्युरकन होता, कातड्याचा ॲप्रन तसाच. म्हणाला, "सबीना, सर. आता मी."

सतरा वर्षांनी त्याने माझं नाव घेतलं. मी सरले. पुढच्या वळणावर त्याच्या भावाने डिम्नाला सोडवलं. मग पाववाला आला, मग बँडचा तो ढोलवाला. सगळे आले असं नाही. कर्व्हिनने दुकानाच्या फळ्या लावून घेतल्या, आणखी बरेच खिडकीतच राहिले. पण चर्चच्या फाटकातून ओवेन पुरुषांच्या खांद्यावरून आत गेला. डेलियाने मात्र आपला कोपरा सोडला नाही. तिला सोडवायला आलेल्या दोघांना तिने कोपराने ढकललं.

मला रडू आलं आणि संतापही आला. ड्युरकनला तुझा शब्द लागला नाही, बघ. कधीच लागत नव्हता. त्या दोन बोटांना एवढी वर्षं काय झालं होतं? मातीवर उभी राहून मी त्याला हे विचारलंसुद्धा. तो म्हणाला, "काय सांगू." दुसऱ्या दिवशी येऊन घोड्याला नाल मारून गेला. मी त्याला चहा दिला, पण बसायला सांगितलं नाही. अजून काही दिवस सांगणार नाही.

शनिवारी मतदान. तुमच्या पार्लमेंटाने यंदा आम्हा बायकांना मताचा हक्क दिला. आदल्या दिवशी नव्या पक्षाचा एक पोरगा आला, म्हणाला, "मावशी, भावाने तुमचं काय केलं ते सगळ्या गावाला माहीत आहे. मत आम्हालाच ना?" मी म्हटलं, "बाळा, खांद्याला आला नव्हतास. आता मताला आलास?" तो गेला. मी काळी शाल पांघरून शाळेत गेले, पेन्सिल हातात घेतली, एका नावापुढे फुली मारली.

कुणाच्या, ते विचारू नकोस. मी नाव घेत नाही. तो माणूस तुला ठाऊक आहे.

आता तुझ्या पत्राचं. पक्ष राहिला नाही, लंडनची खोली सोडायची आहे, कुठे जावं कळत नाही, ड्रमकीनला येऊ का, असं तू विचारतोस. हस्ताक्षर अगदी पोरसवदा झालं आहे. मी पत्र घेऊन घरभर फिरले. डिम्ना म्हणाली, "येऊ दे, नको म्हण." तिने एका दमात दोन्ही म्हटलं, आणि मला तरी दुसरं काय वाटतं?

तर ये. पण मी सांगते तसा. संध्याकाळच्या आगगाडीने तोंड लपवून येऊ नकोस. बाजाराच्या दिवशी दुपारच्या गाडीने उतर. घोडागाडी करू नकोस, तुला आता कुणी देणारही नाही. बाजारातून चालत ये. लोक टोमणे मारतील, कुणी ना कुणी ओरडून विचारेलच, "काय टॅन्सी, कुठे निघाली स्वारी?" तेव्हा थांब, टोपी काढ आणि सभेत बोलायचास तेवढ्या मोठ्याने सांग, "ओवेन गिलगनच्या घरी." बहिणीकडे असं म्हणायचं नाही. सबीनाकडे असंही नाही.

आमचं घर बाजारापासून किती लांब आहे ते तुला माहीत आहे. वारा इकडचा असला तर दारात उभं राहून सगळं ऐकू येतं. मी दारात असेन. ते नाव तुझ्या तोंडून ऐकू आलं तर चुलीवर बटाटे असतील. नाही आलं तर परतीची गाडी चारला आहे.

सबीना गिलगन